कोडमधून मराठी पीडीएफ बिलं काढताना: टेम्प्लेट, हेल्पर आणि कामाचा क्रम

बिल असो, पावती असो, फीची स्लिप असो नाहीतर सर्टिफिकेट, कोडमधून मराठी पीडीएफ काढायला बसलेले बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी कुठलीतरी पीडीएफ लायब्ररी इन्स्टॉल करायची, एक ओळ छापून बघायची, मग त्याच फाइलमध्ये एक्सेल वाचायचं, तिथेच बेरजा, तिथेच तारखा, आणि शेकडो ओळी लिहून झाल्यावर कळतं की 'श्रीकृष्ण' मधला श्र फुटलाय, दुसऱ्या पानावर टेबलचं हेडिंग नाहीये आणि एकूण रकमेत एक रुपयाचा फरक येतोय. मग कुठे हात घालायचा तेच समजत नाही, कारण सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

पीडीएफ हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. त्याच्या आधी डेटा, मग हिशोब, मग हेल्पर (आकडे-तारखांचं रूप बदलणारी छोटी फंक्शन्स), मग टेम्प्लेट (बिलाचा ठरलेला साचा), या क्रमाने गेलात तर पीडीएफ काढणं दोन-तीन ओळींचं काम उरतं.

उदाहरण म्हणून हाउसिंग सोसायटीचं महिन्याचं मेंटेनन्स बिल घेऊ. पायथन, टेम्प्लेटसाठी जिंजा, पीडीएफसाठी वीझीप्रिंट, जे एचटीएमएलवरून पीडीएफ काढतं. नोडवाल्यांनी (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी) जिंजाच्या जागी हँडलबार्स आणि वीझीप्रिंटच्या जागी पपेटिअर धरावं, जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगितलंय. कॉपी-पेस्ट करायला कोड देत नाहीये, कारण लोक चुकतात ते कोडमध्ये कमी आणि क्रमात जास्त.

## टप्पा १: टूल पक्कं करण्याआधी दहा शब्द छापून बघा

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही. 'ि' टाइप होते व्यंजनानंतर पण दिसते आधी, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, जोडाक्षरांना फाँटमध्ये वेगळे आकार असतात. हे सगळं जुळवून देणाऱ्या कामाला शेपिंग म्हणतात आणि ते हार्फबझसारखं इंजिन करतं. ज्या लायब्ररीत शेपिंग नाही तिथे फाँट कितीही चांगला घातलात तरी उपयोग नाही. पायथनच्या पीडीएफ लायब्रऱ्यांपैकी रिपोर्टलॅबमध्ये कित्येक वर्षं हे नव्हतंच, एफपीडीएफ-टू मध्ये आहे पण ते मुद्दाम चालू करावं लागतं. वीझीप्रिंट पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी वापरतं आणि पँगोच्या पोटात हार्फबझ आहे, पपेटिअर म्हणजे तर आख्खं क्रोम, म्हणून मराठीसाठी मी या दोघांपैकीच एक घ्या म्हणेन. डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ हे एचटीएमएलवरून पीडीएफ काढणारं टूल अजून खूप ट्युटोरियलमध्ये सापडतं, पण तो प्रोजेक्ट २०२३ पासून अर्काइव्ह झालाय, म्हणजे त्यावरचं काम थांबलंय, आणि त्याचं ब्राउझर इंजिन फार जुनं आहे, नवीन कामाला घेऊ नका.

एक साधी एचटीएमएल फाइल बनवा आणि तिच्यात हे शब्द टाका: श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, त्र्यंबक, कीर्ती, दऱ्याखोऱ्या, ॲडव्होकेट, ऑक्टोबर, विठ्ठल, द्वितीय, आणि शेवटी ₹ चिन्ह. यातला प्रत्येक शब्द कुठेतरी अडकवण्यासाठीच घेतलाय. 'दऱ्याखोऱ्या' मधला ऱ्या काही फाँटमध्ये नीट जुळत नाही, 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं त्यामुळे जुन्या फाँटमध्ये नसतं, आणि ₹ चिन्हच २०१० सालचं आहे, त्याआधीच्या फाँटमध्ये तिथे चौकोन येतो.

चेक: पीडीएफ उघडून २०० टक्के झूम करा आणि हे शब्द ज्याचं मराठी वाचन पक्कं आहे अशा माणसाला दाखवा. इथे एक जरी शब्द फुटला तर पुढे जाऊ नका, फाँट नाहीतर टूल बदला.

फाँटबद्दल दोन गोष्टी. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि बिलासाठी वाचायला स्वच्छ आहेत. रेग्युलर आणि बोल्ड अशा दोन्ही फाइल्स प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा आणि सीएसएसमध्ये ॲट-फाँट-फेसने (@font-face) जोडा. बोल्डची फाइल दिली नाही तर इंजिन रेग्युलरलाच जाड करून ढकलतं आणि छोट्या साइझला अक्षरांची भोकं बुजतात. 'माझ्या लॅपटॉपवर आहे की फाँट' यावर अजिबात विसंबू नका, सर्व्हरवर तो नसतो.

## टप्पा २: डेटा आधी धुऊन घ्या

सोसायटीचा डेटा म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं सांभाळलेली एक्सेल. त्यात जे काही असतं ते टेम्प्लेटपर्यंत पोचायच्या आधी साफ व्हायला हवं.

पहिली गोष्ट जुने फाँट. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी-सुरेखमध्ये टाइप केलेली नावं दिसायला मराठी असतात पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फाँट बदलला की सगळा कचरा दिसतो. ही आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, कन्व्हर्टर वापरून झाल्यावर प्रत्येक नाव डोळ्याने तपासा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास सरकतात.

दुसरं, फ्लॅट नंबर. '३-४' असा फ्लॅट नंबर टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. बँक खात्याच्या नंबरातली सुरुवातीची शून्यं उडतात, मोबाइल नंबर कधीकधी दशांशासह येतो. म्हणून वाचताना हे सगळे कॉलम टेक्स्ट म्हणूनच वाचा, लायब्ररीला प्रकार ओळखायला लावू नका, आणि मूळ एक्सेलमध्येच तारीख झालेली असेल तर ती तिथेच जाऊन दुरुस्त करा, कोडमध्ये उलटं करायचा खटाटोप नको.

तिसरं, एकच अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. ऱ हे एक अक्षर म्हणूनही येतं आणि र अधिक नुक्ता असंही येतं, दिसायला सारखंच. त्यासाठी सगळ्या मजकुरावर एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणारी पद्धत) फिरवा. ॲ मात्र त्याने सुटत नाही, 'अ' वर चंद्र देऊन टाइप केलेला असेल तर तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. आणि हे करताना झेडडब्ल्यूजे (ZWJ) नावाचं न दिसणारं कॅरेक्टर सरसकट पुसू नका, काही जणांच्या कीबोर्डवरून ऱ्या त्याच्याच जोरावर येतो.

चेक: साफ झालेला डेटा एका जेसन (JSON) फाइलमध्ये लिहा आणि एकूण किती सभासद आले ते मूळ यादीशी जुळवा. रिकामं नाव, रिकामा फ्लॅट नंबर, डबल फ्लॅट नंबर, यातलं काहीही सापडलं तर प्रोग्रामने इथेच थांबायला हवं.

## टप्पा ३: हिशोब टेम्प्लेटच्या बाहेर

टेम्प्लेटमध्ये बेरीज करता येते म्हणून ती तिथे करायची नसते. टेम्प्लेटमधल्या हिशोबाला टेस्ट लिहिता येत नाही आणि उद्या तेच बिल ईमेलच्या मजकुरात पाठवायचं झालं तर तोच हिशोब दुसरीकडे पुन्हा लिहावा लागतो, मग दोन्हीकडे वेगळा आकडा येतो. सभासदाला एकदा वेगळा आकडा दिसला की पुढचं प्रत्येक बिल तो कॅल्क्युलेटर घेऊन तपासतो, आणि त्यात त्याचं चूक नाही.

पैशांसाठी फ्लोट, म्हणजे दशांशी आकडे अंदाजे साठवणारा प्रकार, वापरू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये ०.३०००००००००००००००४ येते. पायथनमध्ये डेसिमल घ्या किंवा सगळं रुपयांऐवजी पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा, मला दुसरा मार्ग जास्त आवडतो कारण त्यात गफलत करायला जागाच कमी.

सावधान: पायथनचा राउंड २.५ चे २ करतो आणि ३.५ चे ४, म्हणजे बरोबर अर्ध्यावर असलं की जवळच्या सम आकड्याकडे जातो. डेसिमलचं डिफॉल्टही तेच आहे. आपल्याकडे पन्नास पैसे वर जातात, तेव्हा राउंड-हाफ-अप स्पष्ट लिहून द्या. आणि राउंडिंग प्रत्येक ओळीला करायचं की फक्त शेवटच्या रकमेला, हे सोसायटीच्या खजिनदाराला विचारून ठरवा, प्रोग्रामरने परस्पर ठरवायची ही गोष्ट नाही. एक रुपयाचा जो फरक येतो तो बहुतेक वेळा इथूनच.

या टप्प्याच्या शेवटी प्रत्येक बिलासाठी एक डिक्शनरी तयार हवी: बिल नंबर, तारीख, नाव, फ्लॅट, ओळी, मागील बाकी, व्याज, एकूण. टेम्प्लेटला जे जे लागणार ते सगळं त्यात, आणि जास्तीचं काहीही नको. डेटाबेसमधला आख्खा ऑब्जेक्ट टेम्प्लेटला देऊ नका, नाहीतर टेम्प्लेट लिहिणारा माणूस त्यातलं काय काय उचलेल याचा पत्ता लागत नाही.

## टप्पा ४: हेल्पर

हेल्पर म्हणजे टेम्प्लेटमधून हाक मारायची छोटी फंक्शन्स, जिंजात यांना फिल्टर म्हणतात. नियम एकच, हेल्पर फक्त रूप बदलतो. त्याला पैसे दिले तर पैसे कसे दिसावेत ते सांगतो, व्याज किती ते सांगत नाही. डेटाबेसला हात लावणारा, आजची तारीख स्वतःच काढणारा हेल्पर दिसला की तो टप्पा ३ मध्ये हलवा. बिलाची तारीख हेल्परने 'आज' म्हणून काढली तर महिन्याभराने परत काढलेल्या बिलावर वेगळी तारीख येते.

बिलाला साधारण हे चार पुरतात.

रक्कम: १,२५,४५० असा लाख-कोटीचा स्वल्पविराम. पायथनचं नेहमीचं फॉरमॅटिंग हजारांनी तोडतं, त्यामुळे शेवटचे तीन आकडे बाजूला काढून उरलेले दोन-दोनने तोडायचं फंक्शन स्वतः लिहा, दहा ओळींचं आहे. उणे रक्कम आणि शून्य, दोन्हीला टेस्ट लिहा. नोडमध्ये इंटल-नंबर-फॉरमॅटला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) दिलं की स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे दोन्ही आयते मिळतात.

आकडे: इंग्रजी आकड्यांचे देवनागरी करणारा हेल्पर वेगळाच ठेवा आणि जिथे हवा तिथेच वापरा. रक्कम, तारीख देवनागरीत छान दिसते. पण खाते नंबर, आयएफएससी, यूपीआय आयडी इंग्रजी आकड्यांतच राहू द्या, लोक ते कॉपी करून बँकेच्या ॲपमध्ये टाकतात आणि तिथे देवनागरी आकडे चालतीलच असं नाही.

तारीख: बिलावर दिवस-महिना-वर्ष, महिन्याचं नाव मराठीत. बारा नावांची यादी स्वतः लिहा, सर्व्हरच्या लोकेल सेटिंगवर अवलंबून राहू नका.

अक्षरी रक्कम: हाच हेल्पर लोकांना रडवतो. इंग्रजीत वीसच्या पुढे जोड लावून शब्द बनतात तसं मराठीत होत नाही, एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, प्रत्येकाचं रूप वेगळं. म्हणून नव्याण्णवपर्यंतची यादी सरळ हाताने लिहून काढा, शॉर्टकट नाही. नंतर कोटी, लाख, हजार, शे असं वरून खाली भागत या. नुसते शंभर असतील तर 'एकशे' नाही, 'शंभर'. एक असेल तर 'एक रुपया', बाकी सगळीकडे 'रुपये'. पैसे शून्य असतील तर त्यांचा उल्लेखच नको.

चेक: अक्षरी हेल्परमधून ० ते ९९ सगळे आकडे छापा आणि कुणाकडून तरी वाचून घ्या. एकोणनव्वद आणि नव्याण्णवची अदलाबदल कॉम्प्युटर पकडत नाही, माणूस पकडतो.

## टप्पा ५: टेम्प्लेट

आता एचटीएमएल. एक बेस टेम्प्लेट, त्यात सोसायटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, पत्ता. त्याच्यावरून बिल आणि पावती अशी दोन. ओळींचं टेबल वेगळ्या तुकड्यात, कारण तेच पावतीतही लागतं. यापेक्षा जास्त तुकडे करू नका, दोन पानांच्या बिलासाठी पंधरा फाइल्स उघडाव्या लागल्या तर पुढचा माणूस वैतागतो.

पहिल्याच ओळीत एचटीएमएल टॅगला भाषा मराठी द्या. काही फाँटमध्ये मराठी ल आणि श चा आकार हिंदीपेक्षा वेगळा असतो आणि तो भाषा सांगितली तरच येतो.

सावधान, इथे तीन गोष्टी आहेत.

जिंजामध्ये ऑटो-एस्केप (मजकुरातली एचटीएमएलची खास चिन्हं निरुपद्रवी करून छापणं) डिफॉल्टने बंद असतं, ते चालू करा. नावात अँपरसँड किंवा कोनी कंस आला तर लेआउट मोडतो हे तर झालंच, पण सभासद स्वतः ऑनलाइन फॉर्म भरत असतील तर कुणीही नावाच्या जागी इमेजचा टॅग टाकून तुमच्या सर्व्हरवरची फाइल किंवा आतल्या नेटवर्कचा पत्ता उघडायला लावू शकतो. वीझीप्रिंटला यूआरएल-फेचर (टेम्प्लेटमधल्या पत्त्यांवरून फाइल्स आणणारं फंक्शन) देता येतो, त्यात फक्त आपल्या फोल्डरमधल्या फाँट आणि लोगोला परवानगी ठेवा. हँडलबार्समध्ये दोन महिरपी कंस एस्केप करतात आणि तीन करत नाहीत, तेव्हा तीनवाले शोधून काढा.

दुसरं, जिंजात न सापडलेलं व्हेरिएबल गुपचूप रिकामं छापलं जातं. 'एकूण' च्या स्पेलिंगमध्ये चूक झाली तर रक्कम नसलेलं बिल तयार होतं आणि कुठेही एरर येत नाही. स्ट्रिक्ट-अनडिफाइंड लावा म्हणजे प्रोग्राम तिथेच ओरडेल.

तिसरं, इनलाइन स्टाइल लिहू नका, सगळी सीएसएस एका फाइलमध्ये.

आत्ता अजून पीडीएफ काढायची नाही. एचटीएमएल ब्राउझरमध्ये उघडा आणि चार नमुने बघा: नेहमीचं बिल, खूप लांब नाव असलेलं, चाळीस ओळींचं, आणि मागील बाकी उणे म्हणजे ॲडव्हान्स असलेलं. लेआउटच्या निम्म्याहून जास्त चुका इथेच सापडतात आणि ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये त्या पटकन सुटतात.

## टप्पा ६: पानाची सीएसएस

ॲट-पेजमध्ये (@page, सीएसएसमधला पानाचा नियम) साइझ ए-फोर आणि मार्जिन मिलिमीटरमध्ये द्या. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिमी, मार्जिन १५ मिमीच्या आसपास ठेवा, फाइलला पंचिंग करायचं असेल तर डावीकडे २०. अक्षरांची साइझ पॉइंटमध्ये. पिक्सेल विसरा.

टेबल दुसऱ्या पानावर गेलं की हेडिंग परत यायला हवं, त्यासाठी हेडिंगची ओळ टी-हेडमध्येच (thead) असली पाहिजे. आता गंमत अशी की टी-फूट (tfoot) पण प्रत्येक पानावर परत येतो, आणि लोक एकूण रक्कम हौसेने टी-फूटमध्ये घालतात, मग पहिल्याच पानाखाली एकूण छापलं जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं बिल संपलं. एकूण रक्कम टेबलच्या बाहेर वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा. त्या ब्लॉकला आणि प्रत्येक ओळीला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड लावा, म्हणजे ओळ मध्येच कापली जात नाही आणि सही एका पानावर, एकूण दुसऱ्या पानावर असं होत नाही.

लाइन-हाइट १.५ च्या खाली नेऊ नका. 'र्की', 'ऑं' यांच्या डोक्यावर बरंच काही असतं आणि घट्ट टेबलमध्ये ते वरच्या रेघेला धडकतं. लेटर-स्पेसिंग देवनागरीला कधीच नको, शिरोरेघ तुटते. रकमेचा कॉलम उजवीकडे अलाइन करा.

'३ पैकी पान १' हे वीझीप्रिंटमध्ये ॲट-पेजच्या मार्जिन बॉक्समध्ये काउंटरने येतं. क्रोममध्ये हे १३१ व्हर्जनपासून आलंय. त्याआधीचं असेल तर पपेटिअरचं फूटर टेम्प्लेट वापरावं लागतं आणि त्याला पानाची सीएसएस लागू होत नाही, फाँट साइझ तिथेच द्या, नाहीतर फूटर आलाच नाही असं वाटतं. पपेटिअरमध्ये बॅकग्राउंड रंगही डिफॉल्टने छापले जात नाहीत, तो पर्याय चालू करावा लागतो.

यूपीआयचा क्यूआर कोड एसव्हीजी म्हणून घाला, पीएनजी ताणली की कडा पुसट होतात. त्याच्या चारही बाजूंनी कोडमधल्या चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडा, बॉर्डर चिकटवू नका. आणि तो कागदावर छापून, साध्या फोनने स्कॅन करून बघा.

## टप्पा ७: पीडीएफ आणि सर्व्हर

वीझीप्रिंटला एचटीएमएल स्ट्रिंग म्हणून देत असाल तर बेस-यूआरएल द्यायला विसरू नका. ते नसलं की लोगो आणि फाँटचे रिलेटिव्ह पत्ते सापडत नाहीत, आणि एरर न येता फक्त लॉगमध्ये वॉर्निंग पडते, पीडीएफ मात्र तयार होते, बिनलोगोची. त्याचं लॉगिंग चालू ठेवा आणि वॉर्निंग आली की बिल नापास धरा. पपेटिअरमध्ये पीडीएफ काढायच्या आधी डॉक्युमेंट-फाँट्स-रेडीची, म्हणजे फाँट लोड झाल्याच्या खुणेची, वाट बघा.

सगळ्या सभासदांची बिलं एकाच प्रचंड एचटीएमएलमध्ये घालू नका. मेमरी फुगते, वेळ लागतो आणि पानांचे नंबर सलग होऊन बसतात. एक बिल एक पीडीएफ, छपाईसाठी एकत्र हवी तर नंतर पायपीडीएफ या लायब्ररीने जोडा. पपेटिअरमध्ये ब्राउझर एकदाच उघडा, प्रत्येक बिलाला नवीन पेज, काम झालं की पेज बंद.

फाइलचं नाव बिल नंबरवरून द्या, सभासदाच्या नावावरून नको. मराठी नावाच्या फाइल्स झिप करून दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नावं बिघडू शकतात. आणि आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावर रिनेम करा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल ईमेलला जात नाही.

## टप्पा ८: पाठवण्याआधीची तपासणी

पॉपलर नावाच्या पॅकेजमध्ये तीन उपयोगी कमांड मिळतात. पीडीएफ-फाँट्स सांगते कुठले फाँट आत एम्बेड झालेत, तिथे आपण दिलेल्या फाँटऐवजी भलतंच नाव दिसलं तर सर्व्हरने बदली फाँट वापरलाय. पीडीएफ-इन्फो पानांची संख्या सांगते, एका पानाचं बिल दोन पानांचं झालं असेल तर शेवटी रिकामं पान आलेलं असू शकतं. तिसरी पीडीएफ-टू-टेक्स्ट.

सावधान: पीडीएफमधून काढलेला मराठी मजकूर मूळ मजकुराशी जुळेल असं धरून टेस्ट लिहू नका. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असतात, त्यावरून युनिकोड परत जुळवताना वेलांट्या आणि जोडाक्षरं पुढेमागे होतात, बिल दिसायला अगदी बरोबर असलं तरीही. टेस्टसाठी इंग्रजीत छापलेला बिल नंबर आणि खाते नंबर शोधा, आणि मराठीसाठी पानाची इमेज काढून आधी पास केलेल्या इमेजशी ताडून बघा. दोन पीडीएफ बाइट टू बाइट ताडून उपयोग नाही, आत वेळेसारख्या दर वेळी बदलणाऱ्या गोष्टी असू शकतात.

आणि सगळ्या बिलांच्या एकूण रकमांची बेरीज टप्पा ३ मधल्या बेरजेशी जुळवा, ती जुळल्याशिवाय ईमेलचं बटण दाबू नका.

पाठवल्यानंतर प्रत्येक बिलाची पीडीएफ, त्याची जेसन आणि टेम्प्लेटचं व्हर्जन एकत्र जपून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी जुनं बिल मागितलं तर ते नव्याने काढायचं नाही, ठेवलेली फाइल द्यायची, कारण तोवर टेम्प्लेट बदललेलं असतं आणि कदाचित सभासदाचं नावही. रकमेत खरोखर चूक निघाली तर जुन्या नंबरावर नवीन फाइल चढवू नका, नवीन नंबरचं दुरुस्ती बिल काढा आणि त्यावर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख छापा.